रोजची कॉफी रक्तात मोजायची तर लातूर-परभणीत आधी मेथीचा हिशोब लागतो

टेस्टट्यूब_लातूर

मंडळी, कॉफीवर धागा काढतेय पण कॉफी चांगली का वाईट हा विषय नाही. पेपरात सारखं येत असतं की कॉफी पिणाऱ्यांना शुगर कमी होते, लिव्हर चांगलं राहतं. ते वाचताना मला कायम एकच प्रश्न पडतो की त्या हजारो लोकांनी रोज किती कॉफी पिली हे मोजलं कसं? तर बहुतेक ठिकाणी मोजलेलं नसतंच, विचारलेलं असतं. फॉर्म असतो, मागच्या वर्षभरात सरासरी रोज किती कप घेतले, माणूस अंदाजानं टिक करतो आणि पुढचं सगळं गणित त्या टिकवर उभं.

आता आपल्याकडं कप म्हणजे काय ते बगा. टपरीवरचा कागदी कप वेगळा, घरातला स्टीलचा पेला वेगळा, ट्यूशन एरियातल्या कॅफेचा कोल्ड कॉफीचा उंच ग्लास वेगळा. आणि कॉफी म्हणजे निम्म्या घरांत उकळत्या दुधात दोन रुपयाच्या पाकिटातली थोडी पावडर आणि भरपूर साखर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहार मार्गदर्शनात १५० मिलीच्या कपाचा हिशोब दिलाय, ब्रू केलेल्या कॉफीत ८० ते १२० मिग्रॅ कॅफीन, इन्स्टंटमध्ये ५० ते ६५, चहात ३० ते ६५. म्हणजे दोघांनी फॉर्मवर "रोज दोन कप" लिहिलं तरी एकाच्या पोटात दुसऱ्याच्या दुप्पट गेलेलं असू शकतं.

म्हणून संशोधक लोक रक्ताकडं वळलेत. कॉफी पिल्यावर रक्तात काही पदार्थ दिसतात, त्यांना बायोमार्कर म्हणतात. एक तर कॅफीन स्वतः. मग लिव्हर कॅफीन मोडतं तेव्हा त्यातलं जवळपास ८० टक्के पॅराझँथीन नावाच्या पदार्थात जातं, ते. त्याशिवाय कॅफीनशी संबंध नसलेले पण कॉफीच्या बीतून येणारे पदार्थ आहेत, ट्रायगोनेलिन, क्विनिक ॲसिड, आणि भाजताना तयार होणारं एन-मिथाइलपिरिडिनियम, ज्याला आपण या धाग्यात एनएमपी म्हणू. अमेरिकेत पीएलसीओ नावाची कॅन्सर स्क्रीनिंगची मोठी ट्रायल झाली, तिच्यातल्या लोकांचं साठवलेलं रक्त तपासून २०१५ ला पेपर आला, त्यात लोकांनी सांगितलेल्या कॉफीशी चांगले जुळणारे पदार्थ निघाले त्यात ट्रायगोनेलिन आणि क्विनिक ॲसिड वरच्या नंबरला होते, पॅराझँथीनपण होतं.

मी लॅबमध्ये काम करते, बायोकेमिस्ट्री शिकलेय, आणि मला मनापासून वाटतं की हे आपल्या भागात व्हायला पाहिजे. पण अमेरिका-युरोपची यादी जशीच्या तशी उचलून इथं लावली तर घोटाळा होईल असंही वाटतंय. कशामुळं ते पुढं बोलूच, आधी तुमचं काय म्हणणं ते सांगा.

उदगीरचा_बाप्पा

ताई विषय भारी काढलाव. पण मला एक सांगा, एवढी सुई टोचून रक्त काढण्यापेक्षा माणसाला नीट विचारलं तर सांगत नाई का? आमच्या घरी मी सकाळी एक आन दुपारी चारला एक, पंधरा वर्स झाले बदल नाई. खोटं कशाला सांगील कोणी कॉफीबद्दल.

टेस्टट्यूब_लातूर

बाप्पा, तुमच्यासारखा ठरलेल्या टायमाला पिणारा माणूस बरोबरच सांगतो, आणि फॉर्म काही फेकून द्यायचा नाही. खोटं बोलायचा प्रश्न नाही, आठवणीचा आणि मापाचा प्रश्न आहे. मैत्रिणीच्या प्रबंधासाठी आहाराचे फॉर्म भरून घ्यायला मी गेलते. एका काकूंना विचारलं कॉफी किती, म्हणल्या आम्ही कॉफी पीतच नाही. सून आतून म्हणाली, अहो आई उपासाच्या दिवशी घेता की, चतुर्थीला, एकादशीला, अन् श्रावणात तर रोज. काकूंचं म्हणणं असं की ते उपासाचं झालं, पिण्याचं थोडंच. आता यात काकूंचं काय चुकलं सांगा. फॉर्ममध्ये त्यांना बसेल असा रकानाच नव्हता. असे लोक "शून्य कप" मध्ये जातात, जास्त पिणारे कमी सांगतात, आणि मग खरा संबंध असला तरी आकड्यात फिका पडतो. रक्त हे दुसरा साक्षीदार म्हणून हवंय.

हॉस्टेल_रूम_१२

मॅडम मी नीटचा रिपीटर आहे लातूरला. आमच्या मेसवाल्या मावशी रात्री अकराला कॉफी देतात, सगळेच पितात नाहीतर फिजिक्स डोक्यात शिरत नाही. समजा सकाळी नऊला उपाशीपोटी रक्त दिलं तर रात्रीची कॉफी दिसेल का? आणि किती दिसेल? बायोलॉजीत हाफ लाइफ येतं तसंच ना हे?

टेस्टट्यूब_लातूर

तसंच. कॅफीनची हाफ लाइफ, म्हणजे अंगातलं निम्मं कॅफीन उतरायला लागणारा वेळ, निरोगी मोठ्या माणसात सरासरी ५ तासाच्या आसपास धरतात. तुझा इन्स्टंटचा कप ६० मिग्रॅचा धरू. रात्री ११ ला ६०, पहाटे ४ ला ३०, सकाळी ९ ला १५. म्हणजे दिसेल.

पण आता तुझा रूममेट धर ज्याचं लिव्हर सावकाश चालतं, हाफ लाइफ १० तास. त्याच्या अंगात सकाळी ९ ला ३० उरलेत. आणि तिसरा सिगारेट ओढणारा धर, त्याची हाफ लाइफ निम्म्यावर येते, अडीच तास. दहा तासात चार वेळा निम्मं, म्हणजे ४ मिग्रॅसुद्धा उरत नाहीत. कप एकच, मावशी एकच, वेळ एकच, आणि रक्तातले आकडे तीन. हे काम करणारं एन्झाइम लिव्हरमध्ये असतं, सीवायपी१ए२ म्हणतात, आणि ते किती जोरात चालतं हे जनुकांवर पण अवलंबून असतं. २०११ ला मोठ्या जनुकीय अभ्यासात दिसलं की कॅफीन कोण जास्त घेतो यात याच एन्झाइमच्या जनुकाजवळचा भाग आणि एएचआर नावाचं जनुक पुढं येतात. ज्यांचं कॅफीन लवकर मोडतं ते लोक जास्त कप पितात, कारण किक लवकर उतरते. म्हणजे नुसतं कॅफीन मोजलं तर जास्त पिणारा माणूसच कमी पिणारा दिसायची भीती!

म्हणून कॅफीनसोबत पॅराझँथीन बघायचं. कॅफीन उतरत जातं तसं पॅराझँथीन वर येतं, दोन्ही धरले की लिव्हरच्या वेगाचा अंदाज येतो.

आणि लेकरा, तू झोप बुडवू नको. रात्री अकराची कॉफी म्हणजे पहाटेपर्यंत अंगात निम्मी शिल्लक, हे वरच्या गणितात तूच पाहिलंस. संध्याकाळी घे.

बीडकर_०२४४२

सिगारेटचं कळलं पण आमच्याकडं बिडी-सिगारेटीपेक्षा मळून खाणारे जास्त. तंबाखू-चुना वाल्यांचं कॅफीन पण लवकर उतरतं का?

टेस्टट्यूब_लातूर

नाही, आणि हा प्रश्न फार कामाचा विचारलात भाऊ. एन्झाइम वाढवतं ते निकोटीन नाही, धुरातले पदार्थ. पाला जळताना जे पॉलीसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन तयार होतात ते. म्हणून निकोटीनचं च्युइंगगम खाणाऱ्यात हा परिणाम दिसत नाही, आणि जिथं धूरच नाही तिथं मळलेल्या तंबाखूचा हिशोब बिडीसारखा धरता येत नाही. आता तिकडच्या फॉर्ममध्ये "स्मोकिंग: हो/नाही" एवढंच असतं. आपल्याकडं फॉर्म भरणाऱ्यानं "तंबाखू" असा एकच रकाना केला की बिडीवाला आणि चुना लावणारा एकाच पोत्यात जाणार आणि कॅफीनचे आकडे वेडेवाकडे येणार. बिडी, सिगारेट एका रकान्यात, खायची तंबाखू, गुटखा, मिसरी दुसऱ्या रकान्यात, हे सक्तीनं पाहिजे.

कृषी_परभणी

मी परभणीच्या कृषी विद्यापीठात (वनामकृवि) शिकलोय, अन्नतंत्रात. ताई तुम्ही ट्रायगोनेलिनचं नाव घेतलं तेव्हाच माझ्या डोक्यात घंटी वाजली. हा पदार्थ पहिल्यांदा वेगळा काढला तो कॉफीतून नाही, मेथीच्या दाण्यातून, १८८५ साली. कच्च्या कॉफीच्या बीत वजनाच्या साधारण १ टक्का असतो, मेथीत त्याहून कमी पण चांगला मोजण्याजोगा असतो. मटारात आहे, सोयाबीनमध्ये आहे. म्हणजे आपला सगळा जिल्हाच ट्रायगोनेलिन खातो की राव.

हिवाळ्यात आमच्याकडं मेथीची भाजी एक दिवसाआड. मेथीची पेंडी स्वस्त झाली की भाकरीबरोबर कच्ची मेथी पण खातात, कांदा अन् शेंगदाण्याचा कूट टाकून. लोणच्यात मेथी, मेतकुटात मेथी, बाळंतिणीला मेथीचे लाडू. यातल्या कुणाचं पण रक्त त्या अमेरिकेच्या यादीनं तपासलं तर रिपोर्ट येईल की ही बाळंतीण रोज तीन कप कॉफी पिते.

टेस्टट्यूब_लातूर

अगदी हेच मला म्हणायचं होतं, आणि तुम्ही अन्नतंत्रवाल्यानं सांगितलं ते बरं झालं. पण यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट बाळंतीण नाही. शुगरवाले आहेत.

आपल्याकडं शुगर निघाली की डॉक्टरच्या गोळीसोबत घरचा उपाय कोणता सांगतात? रात्री चमचाभर मेथीदाणे भिजत घालायचे, सकाळी उपाशीपोटी दाणे चावून खायचे आणि ते पाणी पण प्यायचं. ट्रायगोनेलिन पाण्यात विरघळतं. आता हा माणूस फास्टिंग शुगरसाठी लॅबला येतो, आणि बरेच जण रक्त द्यायच्या आधी "औषधच आहे की" म्हणून मेथी खाऊन येतात, मी रोज बघते, विचारल्यावर सांगतात की मॅडम नाश्ता नाही केला, फक्त मेथीचं पाणी घेतलं.

अशा लोकांवर कॉफी आणि शुगर असा अभ्यास केला, आणि कॉफी मोजायला ट्रायगोनेलिन वापरलं, तर काय होईल? ज्यांना शुगर आहे त्यांच्या रक्तात ट्रायगोनेलिन जास्त. ज्यांना नाही त्यांच्यात कमी. निष्कर्ष निघणार की कॉफी पिणाऱ्यांना शुगर जास्त होते. पेपर छापून येणार, व्हॉट्सॲपला फिरणार, आणि त्या अख्ख्या अभ्यासात कदाचित एकानंही कॉफीला तोंडसुद्धा लावलेलं नसेल. आजार आधी, मेथी नंतर, आणि दोष कॉफीवर. बाहेरच्या देशांचे बहुतेक अभ्यास जे सांगतात, की कॉफी पिणाऱ्यांत टाइप २ मधुमेह कमी दिसतो, त्याच्या बरोबर उलटं इथं निघेल आणि लोक म्हणतील भारतीयांचं शरीरच वेगळं. शरीर वेगळं नाही, ताट वेगळं आहे.

मला याची खरंच काळजी वाटते कारण आता साठवलेल्या रक्तावर एकदम शेकडो पदार्थ मोजायची मशीनं आलीत, आकडे भराभर निघतात, आणि ते आकडे वाचणारा माणूस मेथी भिजवणाऱ्या घरातला असेलच असं नाही.

कृषी_परभणी

मग एनएमपी धरा की. कच्च्या मेथीत ते नसतं. ट्रायगोनेलिन जोरात तापलं की त्यातूनच एनएमपी बनतं, कॉफी २०० अंशाच्या वर भाजतात तेव्हा. जितकी कॉफी काळी भाजली तितकं ट्रायगोनेलिन कमी आन एनएमपी जास्त. थोडं नायसिन पण तयार होतं, बी-३ व्हिटॅमिन.

टेस्टट्यूब_लातूर

हो, माझं पण मत एनएमपीकडंच झुकतं. डिकॅफ कॉफीत पण ते असतं, म्हणजे कॅफीन नसलं तरी कॉफी पकडली जाते. एनर्जी ड्रिंकमध्ये नसतं, म्हणजे कॅफीन असलं तरी कॉफी धरली जात नाही. आणि भाजण्यावरून दोघांचं प्रमाण बदलतं म्हणून ट्रायगोनेलिन आणि एनएमपी दोन्ही मोजून जोडीनं वाचावेत. एनएमपी भरपूर, मग कॅफीन असो नसो, ही कॉफी. ट्रायगोनेलिन भरपूर पण एनएमपी नाही, ही मेथी. इतकं सरळ वाचता येतं.

मेतकुटाला आपण मेथी भाजून घेतो, ती तांबूस होईपर्यंतच, तरी पहिल्या तपासणीत मेतकूट खाणारे आणि कॉफी न पिणारे असा एक गट वेगळा घ्यायलाच पाहिजे. इथली चव इथंच तपासायची.

देगलूर_नाका

आम्ही सीमेवरचे लोक, इकडं बोधन-निजामाबाद जवळ. बायको बंगळूरला राहिलेली, घरात स्टीलचा फिल्टर आहे आणि रोज डिकॉक्शन पडतं. पाकिटावर लिहिलेलं असतं कॉफी ५३ टक्के चिकोरी ४७ टक्के. मग चिकोरीमुळं रक्तात काय गोंधळ होतो? आणि ती कॉफी इतकी काळीभोर दिसते, म्हणजे जास्त कडक ना?

टेस्टट्यूब_लातूर

दादा, चिकोरीत कॅफीन नसतं. ते एका झाडाचं भाजलेलं मूळ आहे, रंग आणि कडवटपणा देतं. आपल्या कायद्यात मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के पाहिजे आणि टक्केवारी पाकिटावर छापायलाच लागते. म्हणजे तुमच्या काळ्याभोर कपात निम्म्याच्या आसपासच कॉफी. फॉर्मवर तुम्ही "कडक, दोन कप" लिहिणार आणि रक्त सांगणार त्याहून कमी. इथं रक्ताचं ऐकायचं. फक्त फॉर्ममध्ये पाकिटावरची टक्केवारी विचारून घ्यायची, म्हणजे नंतर आकडे जुळवता येतात.

एक वेगळी गोष्ट, स्टीलच्या फिल्टरमधून कॉफीतलं तेल बऱ्यापैकी खाली येतं, त्यात कॅफेस्टॉल आणि काव्हिऑल असतं आणि त्यानं एलडीएल कोलेस्टेरॉल वाढतं. कागदाच्या फिल्टरमध्ये ते अडकतं, इन्स्टंटमध्ये फारच कमी असतं. कोलेस्टेरॉल काठावर असेल तर हे डॉक्टरांना सांगा, नुसतं "कॉफी पितो" एवढं सांगून भागत नाही.

चहाबाज_जालना

धाग्यात चहाचं नाव कोणी घ्यायला तयार नाही म्हणून लिहितो. आमच्याकडं दिवसाला सात-आठ चहा सहज होतात, शेतात, दुकानात, पाव्हणे आले की. तुमचं कॅफीन, पॅराझँथीन सगळं आमच्या रक्तात चहाचंच निघणार. कॉफी कुठनं शोधणार त्यात?

टेस्टट्यूब_लातूर

बरोबर, मराठवाड्यात कॅफीन म्हणजे आधी चहा. त्यामुळं कॅफीनवरून कॉफी ओळखायचा विचार इथं सोडूनच द्यावा लागतो, ते फक्त सोबतीला. क्विनिक ॲसिड पण चहात आणि फळांत असतं, तेही एकटं चालत नाही. चहाचा स्वतःचा माग वेगळा काढता येतो. काळ्या चहाचं ४-ओ-मिथाइलगॅलिक ॲसिड लघवीत मोजतात, आणि थिॲनिन हे चहाच्या पानाचं खास. ते शेजारी ठेवलं की कुणाचं कॅफीन चहाचं आणि कुणाचं कॉफीचं हे वेगळं पाडता येतं. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत पण कॅफीन असतं, ते पण विचारायचं, कारण परीक्षेच्या दिवसात पोरं त्या गोळ्या सर्रास खातात.

आणि भाऊ, सात-आठ चहा म्हणजे हैदराबादच्या त्याच पोषण संस्थेनं (एनआयएन) सांगितलेल्या दिवसाच्या ३०० मिग्रॅ कॅफीनच्या मर्यादेला तुम्ही आरामात टेकताय. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको असंही त्यांनी लिहिलंय, लोह शोषलं जात नाही म्हणून. घरातल्या बायकांना हे आवर्जून सांगा, जेवण झालं की लगेच चहा ठेवतात आणि मग हिमोग्लोबिन वर येत नाही म्हणून माझ्याकडं पुन्हा पुन्हा टेस्टला येतात.

एनआयसीयू_सिस्टर

मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नर्स आहे. आमच्याकडं कमी दिवसाच्या बाळांना श्वास थांबायचा त्रास होतो तेव्हा कॅफीन सायट्रेट देतात, औषध म्हणून. आई-बाप घाबरतात, इतक्या लहान लेकराला कॉफी देताव का म्हणून. त्यांना नीट समजावून सांगावं लागतं. दिवसातून एकदाच देतो, कारण या बाळांत त्याची हाफ लाइफ १०० तासाच्या घरात असते, लिव्हरचं ते एन्झाइम अजून जागंच झालेलं नसतं. वरती मोठ्या माणसाचं ५ तास वाचलं म्हणून लिहिलं.

आणि गरोदर बाईत पण कॅफीन उतरायला वेळ लागतो ना ताई? आमच्याकडं येणाऱ्या कितीतरी जणी शेवटच्या महिन्यात पण चहा कमी करत नाहीत.

टेस्टट्यूब_लातूर

सिस्टर, मनापासून धन्यवाद, हे तुम्हीच सांगू शकत होतात. हो, शेवटच्या तीन महिन्यात हाफ लाइफ १५ तासापर्यंत जाते. गर्भनिरोधक गोळ्यांनी पण साधारण दुप्पट होते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ ला गरोदर बाईला दिवसाला २०० मिग्रॅची मर्यादा सांगितली, इतर मोठ्या माणसांना ४००. म्हणून बायकांच्या फॉर्ममध्ये गरोदरपण आणि गोळ्या हे दोन प्रश्न नसतील तर त्यांचं कॅफीन नेहमी "जास्त पिणाऱ्या" म्हणून वाचलं जाणार, कप तेवढेच असले तरी. आणि हे प्रश्न घरच्यांसमोर न विचारता एकटीला विचारायचे.

गोदाकाठ

नांदेडहून. वडिलांना पार्किन्सन आहे, सहा वर्षं झाली. कुठंतरी वाचलं की कॉफी पिणाऱ्यांना पार्किन्सन कमी होतो आणि रक्तातल्या कॅफीनवरून आजार कळतो. मग त्यांना कॉफी सुरू करू का? ते आयुष्यभर चहावाले.

टेस्टट्यूब_लातूर

दादा, तुम्ही वाचलं ते बहुतेक टोकियोच्या जुन्तेंदो विद्यापीठाचं २०१८ चं काम. त्यांना असं दिसलं की पार्किन्सनच्या पेशंटच्या रक्तात कॅफीन आणि त्याचे तुकडे कमी होते, आणि महत्त्वाचं म्हणजे ते लोक कॅफीन साधारण तेवढंच घेत होते जेवढं निरोगी लोक. म्हणजे पिणं सारखं, रक्तात कमी. यातून कॉफी हे औषध आहे असं निघत नाही. यातून असं निघतं की आजारानं रक्तातला आकडाच बदलू शकतो, म्हणून आजारी माणसाच्या रक्तावरून त्याचे कप मोजताना जपून. लिव्हर खराब असेल तर उलटं होतं, सिरोसिसमध्ये कॅफीन साचून राहतं, थोडं पिलं तरी जास्त दिसतं.

वडिलांची गोळ्यांची वेळ आणि झोप हे आधी, कॉफी सुरू करायची का हे त्यांच्या न्यूरोवाल्या डॉक्टरांनाच विचारा. त्यांना बरं वाटो.

भरती_२०२५

मॅडम आम्ही ग्राउंड मारायलोत, पोलीस भरती. १६०० मीटरच्या आधी ब्लॅक कॉफी मारतात पोरं. रक्तात कॅफीन सापडलं तर डोपिंगमध्ये पकडतात का?

टेस्टट्यूब_लातूर

खेळातलं सांगते. आधी लघवीत १२ मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या वर कॅफीन निघालं तर बंदी होती, २००४ पासून वाडानं, म्हणजे खेळातल्या डोपिंगवर नजर ठेवणाऱ्या जागतिक संस्थेनं, ते बंदी यादीतून काढलं, आता फक्त लक्ष ठेवतात. तुमच्या भरतीच्या नियमात काय आहे ते जाहिरातीत वाच. आणि उन्हात उपाशीपोटी कडक कॉफी पिऊन पळू नको, धडधड वाढते. पाणी पी.

पोटोबा_हिंगोली

रक्त, लघवी झालं, आता शौचावरून पण कळतं म्हणे. २०२४ ला नेचर मायक्रोबायोलॉजीत आलं होतं, कॉफी पिणाऱ्यांच्या आतड्यात लॉसोनिबॅक्टर ॲसॅकॅरोलिटिकस नावाचा जंतू जास्त असतो, कितीतरी देशांचे नमुने बघून. कॉफी टाकली की प्रयोगशाळेत पण तो जास्त वाढतो असं दाखवलंय. त्याच पेपरात रक्तातलं क्विनिक ॲसिड, ट्रायगोनेलिन, हिप्युरिक ॲसिड पण या जंतूशी जोडलेलं दिसलं.

टेस्टट्यूब_लातूर

हो वाचलाय, छान काम आहे. त्याचा फायदा असा की रक्तातले पदार्थ काही तासात उतरतात पण आतड्यातला जंतू इतक्या लवकर जात नाही. पण आपल्याकडं लॅबमध्ये शौचाचा नमुना द्यायला लोक इतके संकोचतात की मोठ्या अभ्यासाला ते अवघड जाईल, रक्तावरच भर द्यावा असं माझं मत.

अंबाजोगाई_रेसिडेंट

ताई, मी इथं मेडिसिनला पीजी करतोय, थिसिसचा विषय अजून फायनल नाही. हा धागा सकाळपासून दोनदा वाचला. खरंच करायचं ठरवलं तर सुरुवात कुठून करू? आमच्याकडं उणे ८० चा फ्रीजर गावातल्या सेंटरला नाही, आणि रक्तातले असे पदार्थ वेगळे करून मोजणारं एलसी-एमएस मशीन तर जिल्ह्यात नाही.

टेस्टट्यूब_लातूर

डॉक्टर, करा, जरूर करा. मला जे सुचतं ते सांगते, बाकी तुमचे गाइड बघतील.

मोठा अभ्यास नंतर. आधी छोटा, की हे मार्कर आपल्या ताटात टिकतात का. काही तब्येतीनं धडधाकट, धूर न ओढणारे लोक घ्या, त्यांना थोडे दिवस कॉफी, चहा आणि मेथी तिन्ही बंद. मग एका गटाला मोजून इन्स्टंट कॉफी, एकाला चहा, एकाला भिजवलेली मेथी, एकाला मेतकूट. चौघांच्या रक्तात कॅफीन, पॅराझँथीन, ट्रायगोनेलिन, एनएमपी. एवढ्यानंच कळेल कोणता मार्कर आपल्याकडं खरा बोलतो. एथिक्स कमिटीची परवानगी आधी, आणि संमतीपत्र मराठीत, त्यात स्पष्ट लिहा की रक्त साठवणार आहात आणि त्यावर पुढं काय काय तपासणार. लोक नाही म्हणत नाहीत, पण न सांगता केलं तर पुढच्या वेळी दार उघडत नाहीत.

फ्रीजरचं म्हणाल तर फिल्टर पेपरवर बोटाच्या रक्ताचा ठिपका घेऊन वाळवायचा, कॅफीन तसं मोजतात, नवजात बाळांत पण केलंय. बाकीच्या पदार्थांसाठी तुमच्याच कॉलेजात ईडीटीएच्या जांभळ्या ट्यूबमध्ये घ्या, लवकर सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा वेगळा करा, गोठवा आणि बर्फात घालून मोठ्या संस्थेकडं एकदम पाठवा. तिथं मोजताना प्रत्येक पदार्थाचा ड्युटेरियमवाला (जड हायड्रोजनचा, तुलनेसाठी माहीत मापाचा) स्टँडर्ड मिसळायला सांगा, त्याशिवाय आकड्यावर भरवसा नाही.

एकदाच रक्त घेऊन "रोजची सवय" म्हणू नका. महिन्याभरानं त्याच माणसाचं पुन्हा घ्या, आणि एक वेळ श्रावणात, एक वेळ हिवाळ्यात मेथीच्या सीझनला मिळाली तर फारच उत्तम.

अंबाजोगाई_रेसिडेंट

श्रावण आणि मेथीचा सीझन, हे लिहून घेतलं. गाइड मॅडमना उद्या दाखवतो. अजून एक, फॉर्ममध्ये कमीत कमी काय पाहिजेच?

टेस्टट्यूब_लातूर

शेवटचा चहा किती वाजता, शेवटची कॉफी किती वाजता, कशात पिली, पावडर कोणती. काल आणि आज मेथी, मेतकूट, लोणचं. बिडी-सिगारेट वेगळं, खायची तंबाखू वेगळी. डोकेदुखीची गोळी, गर्भनिरोधक गोळी, चालू अँटिबायोटिक, कारण सिप्रोफ्लॉक्सासिननं पण कॅफीन उतरायचं मंदावतं. उपासाला काय घेता. आणि रक्त काढल्याची वेळ मिनिटासकट ट्यूबवरच लिहा, रजिस्टरवर नाही, रजिस्टर आणि ट्यूब पुढं वेगळे होतात.

उदगीरचा_बाप्पा

डॉक्टरसाहेब, उदगीरला कॅम्प लावलाव तर माझं नाव आधी लिहा. सकाळी एक, दुपारी चारला एक, इन्स्टंट, दुधातली. मेथी गुरुवारच्या बाजारानंतर दोन दिवस. रक्त कधीपण घ्या.